अकराशे चाळीस हुंकार

"हुं म्हण वं बाई. हुं नाई म्हटलं तर गोष्ट वाट चुकते."

हा आवाज तीस वर्षांपूर्वीचा. तांबेझरीतलं आमचं घर, ओसरीच्या खांबाला अडकवलेलं जाळं, बाबांच्या दातांत धाग्याचं टोक आणि पुढ्यात मांडी घालून मी, चार वर्षांची ओमेश्वरी. बाबा, म्हणजे दुधराम वलथरे, सकाळी तलावावर मासे धरायचे आणि दिवेलागणीला फाटलेलं जाळं सांधता सांधता गोष्टी सांगायचे.

आमच्या झाडीपट्टीत गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारा एक लागतो आणि हुंकार देणारा एक. सांगणारा वाक्य संपवून जरासा थांबतो, आणि त्या थांब्यात ऐकणाऱ्यानं "हुं" टाकायचं. मी इथं आहे, जागी आहे, पुढं चाल, एवढाच त्याचा अर्थ. हुंकार थांबला की बाबाही थांबायचे. भिंतीला सांगायला मी काय वेडा आहे का, म्हणायचे.

त्यांची आवडती गोष्ट मरळीची होती. मरळ मासोळी आपली पिलं एकटी सोडत नाही. पिलांचा तांबडा पुंजका पाण्याच्या वर वर खेळतो आणि माय खाली पहारा देते. गोष्टीतली मरळ जाळं घेऊन आलेल्या ढिवराला म्हणते, एवढी पिलं पलीकडच्या कमळात सोडून येऊ दे, मग मला धर. ढिवर शब्द देतो. बाबा इथं गायचे:

*वर तांबडी पिलं बाई, खाली मरळ राखण*
*सोड सोड ढिवरदादा, तुले लेकराची आण.*

आणि तलावाच्या मध्यावर, मरळ निम्म्या वाटेत असताना, ढिवर शब्द मोडतो. जाळं पडतं.

त्या जागी मी कधीच हुं म्हटलं नाही. श्वास धरून बसायचे. बाबाही तिथं वाट पाहायचे नाहीत. हातातला धागा तसाच ठेवून तेही गप्प बसायचे, आणि मग हळूच म्हणायचे, "पुढं ऐकतेस ना वं?"

*

सत्तावीस वर्षांची असताना मी नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत ध्वनितंत्रज्ञ म्हणून लागले. तिथं डॉ. अनिमा टिकेकर एका जुन्या कोड्याच्या मागे होत्या. सभेला जाणारी, मत देणारी, मोर्चात घसा बसवून घेणारी माणसं घरी बसणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त सुखी दिसतात. पण ती सुखी असतात म्हणून सभेला जातात, की सभेला जातात म्हणून सुखी होतात?

मॅडमनी साठ गावांतल्या ग्रामसभांना माणसांच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या. पट्टी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायची. माणूस निवांत असला की हे अंतर सैल असतं, जरा कमी, जरा जास्त. घाबरला, चिडला, की ठोके घड्याळासारखे एकसारखे पडू लागतात. वर्षभर ग्रामसभा झाल्या, खुर्च्या फेकल्या गेल्या, एका गावात माइक विहिरीत गेला, आणि आकडे गोळा होत राहिले.

सगळ्यांत सुखी ते निघाले जे बोलले आणि ज्यांचं काम झालं. त्यांना अगदी खेटून, जे बोलले आणि ज्यांचं काम झालं नाही ते. आणि सगळ्यांत उदास कोण, तर ज्यांच्या दारात न विचारता नळ आला.

मग मॅडमनी आणखी बारीक पाहिलं. सुख येतं तो क्षण त्यांना सापडला. माणूस बोलायचा थांबतो आणि समोरून कुणीतरी "हं" करतं, त्यानंतर दीडेक सेकंदात ठोके सैल व्हायचे. मेंदूपासून काळजापर्यंत उतरलेली एक लांब नस जणू लगाम सोडायची. "हं" फार लवकर आलं तर माणसाला वाटतं समोरच्याला घाई आहे. उशिरा आलं तर वाटतं लक्ष नव्हतं. बोलणाऱ्याच्या शेवटच्या सुरापेक्षा किंचित खाली आणि पाव सेकंदाच्या आसपास, तिथंच ते लागतं.

"म्हणजे लोकशाहीचं सुख," मॅडम चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "पाव सेकंदात मावतं."

हे हुं यंत्राला शिकवायचं ठरलं. नटांना बोलावलं, निवेदकांना बोलावलं. त्यांची हुं फार सुंदर होती आणि पट्टीवरचा ठोका जागचा हलत नव्हता. एक दिवस मी जिन्यात उभी राहून बाबांशी फोनवर बोलत होते. मॅडम मागे येऊन थांबल्या.

"हे काय करत होतीस तू?"

"काही नाही मॅडम. बाबा गोष्ट सांगतात, मी ऐकते."

"ऐकणं मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून स्टुडिओत ऐक."

नऊ दिवस रोज संध्याकाळी मी बंद खोलीत बसून बाबांना फोन लावला. बाबांना वाटलं, पोरीला गावाची आठवण येऊन राहिली. ते खुलले. कधी न सांगितलेल्या गोष्टी त्यांनी त्या नऊ दिवसांत सांगितल्या, मरळीची तर तीनदा. माझी अकराशे चाळीस हुं नोंदली गेली. संकलन करणाऱ्या पोरानं मधल्या मोकळ्या जागा कापून टाकल्या. मरळीवर जाळं पडतं तिथली शांतताही त्यात गेली. ती त्याच्या लेखी रिकामी फीत होती, आणि मीही म्हटलं नाही की ठेव.

*

तळहाताएवढं, कौलाच्या रंगाचं यंत्र तयार झालं. नाव ठेवलं श्रोता. तुम्ही बोलायचं, ते हुं म्हणायचं. तुमचा सूर, तुमचा थांबा ओळखून अकराशे चाळिसांतलं नेमकं हुं काढायचं. सुरुवातीला त्याचं दुसरंही एक काम होतं. बोलण्यातली तक्रार निवडून, दोन ओळींत लिहून, ग्रामपंचायतीला पाठवायची. सभेला न येऊ शकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी, बाळंतिणींसाठी. त्या दोन ओळींवर माझा जीव होता. त्यांच्यासाठीच मी माझा आवाज दिला, असं मी सगळ्यांना सांगायचे.

पहिल्याच वर्षी पट्ट्यांवरून मोजलेला जिल्ह्याचा समाधान-अंक इतका चढला की सरकारी खात्यानं घरोघरी श्रोता वाटला. दुसऱ्या वर्षी नियम आला: श्रोत्याजवळ बोललेला माणूस ग्रामसभेला हजर धरावा. गणपूर्तीची कटकट मिटली. तिसऱ्या वर्षी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन आलेख पुढं सरकवले.

"हा ज्यांची तक्रार पुढं गेली त्यांचा. हा ज्यांची गेली नाही त्यांचा. फरक सांग."

फरक नव्हता. एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसली असती.

"खात्याचं म्हणणं आहे, तो भाग बंद करू. रोज लाखो ओळी येतात, वाचायला माणूस नाही."

"मॅडम, मग लोक बोलतात ते जातं कुठं?"

"कुठंच नाही. आत्ताही कुठं जात होतं?" त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे थकलेले होते. "ओमेश्वरी, आपण खोटं काही करत नाही. लोकांना जे मिळत होतं तेच मिळणार आहे. आपण फक्त उरलेलं काढून टाकतोय."

बाहेर काही न सांगण्याचा कागद होता. मी सही केली.

भीतीनं केली असं म्हणता येईल, पण ते पुरतं खरं नाही. श्रोता निघाला त्या पहिल्याच वर्षी आई गेली होती. बाबांनी जेवण सोडलं, जाळं खांबावरून काढून माळ्यावर टाकलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, मनानं घेतलंय. मग त्यांच्या घरी श्रोता आला आणि महिन्याभरात बाबा जेवायला लागले. श्रोत्यासोबत मिळणाऱ्या मनगटाच्या पट्टीवरून घरच्यांना आपल्या माणसाच्या समाधानाची रेघ मोबाइलवर पाहता यायची. बोलणं नाही, फक्त रेघ. बाबा रोज संध्याकाळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बोलायचे आणि रेघ हिरवी होत जायची. मी नागपुरात गॅसवर भात चढवून ती रेघ पाहायचे. रोजचा फोन आठवड्याचा झाला, आठवड्याचा महिन्याचा. बाबांनीही कधी विचारलं नाही, फोन काहून करत नाहीस. मला वाटलं, बाबा सुखात आहेत. रेघच तसं सांगत होती.

*

चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यात मला ऑफिसात एक यादी दिसली. पाण्यावर तरंगणारे सौर-पट्टे बसवण्यासाठी निवडलेले तलाव. सतराव्या ओळीत तांबेझरीचा मोठा तलाव. पूर्ण पृष्ठभाग, तीस वर्षं, मासेमारी आणि डोंगा वल्हवणं बंद. ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव.

नियमात एक फट अजून शिल्लक होती. हजेरी श्रोत्यावरून चालायची, हरकत मात्र समक्ष, हात वर करूनच. शंभर हात वर झाले तर ठराव थांबणार होता. आमच्या ढिवर मोहल्ल्यातच दीडशे मतदार होते. सभेच्या आदल्या दिवशी मी सकाळची गाडी धरून गावी गेले.

आधी गेले गुंफाकाकूकडे. ही गुंफा म्हणजे एकेकाळी तांबेझरीचा धाक. भाताच्या रोवणीला बांधीच्या चिखलात उभी राहून सरपंचावर गाणी रचायची, आणि संध्याकाळपर्यंत ते गाणं पाच गावांत पोचायचं:

*रोवणा रोवते बाई, चिखल लागे पायाले*
*सरपंच कुठं गेला, गेला तालुक्याले न्हायाले!*

एकदा पाण्याच्या टाकीवरून तिनं ग्रामपंचायतीला कुलूप ठोकलं होतं आणि किल्ली तीन दिवस पदराला बांधून हिंडली होती. आता ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. गाल भरलेले, चेहरा शांत.

"काय वं ओमे, अशी अचानक? बाप तर ठणठणीत आहे तुहा."

"काकू, उद्या तलावाचा ठराव आहे. माहीत आहे ना?"

"आहे ना. तीनदा बोलली मी त्यावर. चांगली दणकून बोलली."

"कोणाजवळ?"

"श्रोत्याजवळ. आणखी कोणाजवळ? लय साधंसुधं यंत्र आहे माय ते. नवऱ्यानं जन्मात नाई ऐकलं तेवढं ऐकते."

"उद्या सभेला यावं लागेल काकू. हात वर करावा लागेल."

"कायले? बोलली ना मी." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "मघापर्यंत आग होती जिवात. बोलली, शांत झाली. आता पुन्हा तेच काढून कायले डोकं फिरवू?"

"नुसत्या श्रोत्यावर विसंबू नका."

ती हसली. "तुहीच मशीन, अन् तूच म्हणते विसंबू नका! हे म्हणजे पुजाऱ्यानंच म्हणावं, देवळात काई नाई."

माझ्या जिभेवर आलं होतं. काकू, देवळात खरंच काही नाही. मी विचारलं ते दुसरंच. "हल्ली गाणं नाही रचत?"

तिचा हात सुपात थांबला. जणू मी एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव घेतलं होतं.

"चार वर्सं झाली," ती म्हणाली. "मनात काई उरतच नाई वं. गाणं कशाचं करू?"

त्या दिवशी मी तेवीस घरं फिरले. सगळ्यांनी चहा विचारला. सगळे म्हणाले, आम्ही बोललो. भांडखोर माणसाला समजावता येतं, घाबरटाला धीर देता येतो. समाधानी माणसाला घराबाहेर काढायला माझ्याजवळ एकच वाक्य होतं, आणि ते मी तेवीस उंबरठ्यांवर गिळलं. कागदावरची सही आडवी येत होती. पण त्याहून आडवा येत होता बाबांचा चेहरा. वाक्य गुंफाकाकूच्या अंगणात पडलं की तासाभरात आमच्या ओसरीत पोचलं असतं.

संध्याकाळी बाबांनी हातपाय धुतले, टोपी घातली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं. देवापुढं बसावं तसे. मी ओसरीत होते. दार पातळ होतं.

"तर ऐक," बाबा म्हणाले.

"हुं," मी आतून म्हटलं. सत्तावीस वर्षांची मी.

 स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकायची मला सवय होती. पण बाबांना उत्तर देताना, माझ्याशिवाय, मी तो कधी ऐकला नव्हता.

"पूर्वेच्या पाळीखाली, बांधाच्या बुडाशी, मरळीचं घर आहे. तिथं उजेड गेला तर कमळ मरते."

"हुं."

"कमळ मेलं तर पिलं कुठं दडवील ती?"

"हुं..."

"तलाव आमच्या आज्या-पणज्यानं खणला. टोपल्यानं माती वाहली. कोणत्या कागदावर नाई ते. पाळीवर आहे. पाय ठेवला की समजते."

"हुं."

बाबांनी तलाव कोपरा कोपरा सांगितला. कुठं वाम्ब मासा, कुठं शिंगाडा, कुठल्या दगडावर माझी आई कपडे धुवायची. कोर्टात द्यावी तशी साक्ष दिली. एवढं नीट, एवढं पुरतं मी कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. हे बोलणं उद्या सभेत झालं असतं तर दगडांनीसुद्धा उठून हात वर केले असते.

ते बाहेर आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. "वाढ बाई. भूक लागली."

"बाबा, उद्या सभेला जाऊ. तुम्ही आत बोललात तेच तिथं बोला."

"झालं माझं बोलून." त्यांनी माझ्याकडं पाहून एक विचित्र, लाडिक हसू केलं, जसं काही आमच्या दोघांचं एखादं गुपित होतं. "जिथं पोचायचं तिथं पोचलं."

भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी आमटीत बुडवला. चवीनं खाल्ला. आई गेली त्या वर्षीचे त्यांचे गाल मला आठवले, आत गेलेले. मी आणखी एक भाकरी वाढली. 

*

सभेला अकरा माणसं होती. पूर्वी आमच्या ग्रामसभेत दर वेळी दोन-चार खुर्च्या मोडायच्या. आता चार वर्षांत एकही मोडली नव्हती. भिंतीवर पाटी होती: *समाधानात तालुक्यात प्रथम*.

ग्रामसेवकानं टॅबलेट पाहून वाचलं, "समक्ष उपस्थिती अकरा. श्रोत्याद्वारे उपस्थिती चारशे बारा. गणपूर्ती झाली." मग ठराव वाचला. मग म्हणाला, "हरकत असणाऱ्यांनी हात वर करावा."

पंखा फिरत होता. मी उभी राहिले.

"ताई, तुमचं नाव नागपूरच्या मतदार यादीत आहे," तो अदबीनं म्हणाला. "इथं हरकत घेता नाही येणार. बसा."

मी बसले. नियमानं मला हात वर करता येत नव्हता, तोंड उघडता येत होतं. अकरा तर अकरा, त्यांना सांगता आलं असतं. ते धावत घरोघरी गेले असते. कदाचित शंभर हात झालेही असते. मी मांडीवरचे माझे दोन हात पाहत बसले. सरपंचबाईंनी समाधानाच्या पाटीखाली उभं राहून सगळ्यांचे आभार मानले. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली.

*

दिवाळीनंतर सौर-पट्टे आले. मोबाइलवर मी रेघ पाहत होते. ज्या दिवशी पाळीला कुंपण पडलं, त्या दिवशी बाबांची रेघ दुपारी कोसळली. इतकी खाली ती आई गेली तेव्हाच गेली असेल. मी उठून बॅग भरायला लागले. संध्याकाळी रेघ हलली. पंचेचाळीस मिनिटांत पुन्हा हिरवी झाली.

बॅग अर्धी भरलेली होती. बाबांना बरं वाटलं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्या हिरव्या रंगाची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तांबेझरीत उतरले. तलाव दिसत नव्हता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काळी काच, तिच्यात ढग. पाणी खाली असणार, पण कुठून दिसेना. कुंपणाशी गुंफाकाकू उभी होती, हातात रिकामी टोपली. तिनं शिवी द्यावी म्हणून मी थांबले. मला त्या शिवीची फार गरज होती.

"वाईट झालं माय," ती मऊ आवाजात म्हणाली. "पण बोलली मी काल. बोलल्यावर बरं वाटलं."

घरी बाबा ओसरीत बसले होते. माळ्यावरचं जाळं त्यांनी खाली काढलं होतं आणि खांबाला अडकवून सांधत होते. कुठं टाकणार होते ते जाळं, कोण जाणे. मी समोर मांडी घातली. त्यांनी सुई थांबवली नाही.

"एक इचारू?" ते म्हणाले.

"विचारा."

"तू लय कामात असते, मले माहीत आहे. हजार लोकांचं ऐकावं लागत असंल तुले. तरी रोज माह्यासाठी टाइम काढते. म्हणून मी फोन नाई करत. म्हटलं, पोरगी दिवसभर ऐकून थकते, पुन्हा फोन कायले?"

मला पहिल्यांदा कळेना ते काय म्हणताहेत. मग कळलं.

"यंत्र घरात आलं त्याच दिवशी ओळखलं मी," बाबा म्हणाले. "लोक म्हणत, सरकार ऐकते. मी मनात हसलो. म्हटलं, हे तर माह्या ओमीचं हुं आहे. कोणाले सांगतलं नाई. म्हटलं, नोकरीत तुले काई तरास नको." सुई एका गाठीतून गेली. "तलावाचं सगळं मी तुले सांगतलं. सरकारले कोण सांगते? पोरगी तिथं बसली आहे, ऐकून राह्यली, ती पाहील. सभेच्या आदल्या दिवशी तू आली, तवा तर खातरीच झाली. पोचलं म्हटलं."

अंगणात कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. बाबांचा आवाज खाली आला.

"एकच गोष्ट खुपली. मरळीची गोष्ट सांगतली मी तुले, त्या यंत्रावर. जाळं पडते, तिथं तू कधी हुं नाई म्हणत. लहानपणापासून नाई. यंत्रातल्या ओमीनं म्हटलं. पटकन म्हटलं." त्यांनी एक गाठ ओढून घेतली. "मले वाटलं, पोरगी मोठी झाली आता. शयरात राहते. मासोळीचं काय एवढं. पण तू तलावाचं ऐकलं, अन् तरी..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं. जाळ्याचा एक कोपरा माझ्या मांडीवर टाकला, मी लहान असताना टाकायचे तसा, ताणून धरायला.

मी कोपरा धरला आणि सांगायला लागले. जिन्यातल्या फोनपासून सांगितलं. नऊ संध्याकाळी सांगितल्या, बंद खोली सांगितली.

"हुं," बाबा म्हणाले.

अकराशे चाळीस हुं कशी वेगळी केली ते सांगितलं. मोकळ्या जागा कशा कापल्या ते.

"हुं."

पुढं पाठवायच्या दोन ओळी सांगितल्या. मग दोन आलेख आणि माझी सही.

"हुं," बाबा म्हणाले, जरा उशिरा.

हिरवी रेघ सांगितली. तेवीस उंबरठे सांगितले, पातळ दार सांगितलं, वाढलेली भाकरी सांगितली. सभेतले माझे दोन हात सांगितले. मग जाळं पडायची जागा आली, आणि बाबांचा हुंकार थांबला. सुई धाग्यासकट हवेत राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, श्वास धरून.

"बाबा," मी म्हटलं, "त्या यंत्रात मी नव्हते. तुम्ही सांगितलेलं मी एक दिवसही ऐकलं नाही."